मराठी वाचनात अडखळणारे मूल : लिपी, बोली आणि अध्ययन-अक्षमता

१. प्रश्नाचे स्वरूप

तिसरी-चौथीत गेलेल्या मुलास मराठीचे साधे पानही सरळ वाचता येत नाही, ही तक्रार आपल्याकडे नवी नाही. तक्रारीबरोबरच तिचे कारणही सांगून टाकण्याची प्रथा पडली आहे. शाळा म्हणते, घरी लक्ष दिले जात नाही. घर म्हणते, शाळेत शिकवले जात नाही. आणि उभयपक्षांचे एकमत होते ते बहुधा एवढ्यावरच, की मूल मुळातच मंद आहे. हे शेवटचे अनुमान सर्वांत सोयीचे असते, कारण त्यानंतर कोणाला काही करावयाचे उरत नाही. मुलाच्या दृष्टीने मात्र ते सर्वांत घातक ठरते.

प्रस्तुत लेखात या अनुमानाची भाषाशास्त्राच्या अंगाने तपासणी करावयाची आहे. वाचनात अडखळणे हे एक लक्षण आहे. तो एक रोग नव्हे. सारखेच लक्षण तीन निरनिराळ्या कारणांनी उद्भवू शकते: लिपीच्या रचनेतून येणाऱ्या अडचणी, घरची बोली व पुस्तकाची भाषा यांतील अंतर, आणि ज्यास आपण अध्ययन-अक्षमता म्हणतो ती जन्मजात अडचण. या तिहींचे उपाय भिन्न आहेत. कारण ओळखण्यात चूक झाली, तर उपाय केवळ निष्फळ होतो असे नाही, तो उलटतोही.

विवेचनासाठी माणिकपूरचा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस वसलेले हे गाव २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर पालघर जिल्ह्यात आले. येथील जुन्या वस्तीच्या घरांतून मराठीच्या स्थानिक बोली ऐकू येतात. नव्या इमारतींतून गुजराती, हिंदी, कोकणी, मल्याळम अशा अनेक भाषा कानी पडतात. आणि तालुक्याच्या पूर्वेकडील पाड्यांवर वारली व इतर आदिवासी बोलींचा प्रदेश सुरू होतो. ग्रीअर्सनने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या भाषा-पाहणीच्या सातव्या खंडात उत्तर कोकणातील सामवेदी, वाडवळी, फुडगी, कोळी, किरिस्ताव, वारली इत्यादी बोलींची स्वतंत्र नोंद केली आहे. याचा अर्थ असा, की येथील शाळेत एकाच बाकावर बसलेली तीन मुले एकच क्रमिक पुस्तक तीन निरनिराळ्या भाषिक पायांवर उभी राहून वाचत असतात. महाराष्ट्राने २०२० साली केलेल्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाल्यापासून तर या विविधतेकडे दुर्लक्ष करणे अधिकच कठीण झाले आहे.

२. लिपीचा भार

नागरी लिपी उच्चारानुसारी असल्यामुळे मराठी वाचन सोपे आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. हे विधान अर्धे खरे आहे. इंग्रजीच्या मानाने चिन्ह व ध्वनी यांचा संबंध नागरीत अधिक नियमित आहे, हे निर्विवाद. परंतु नियमितपणा निराळा आणि भार निराळा. इंग्रजी शिकणाऱ्या मुलास सव्वीस अक्षरांच्या लहान-मोठ्या आकृती ओळखाव्या लागतात. मराठीत चौतीस व्यंजने आहेत. पारंपरिक बाराखडीने त्यांची चारशेआठ रूपे होतात, आणि २००९ च्या शासननिर्णयाने 'ॲ' व 'ऑ' धरून जी चौदाखडी मान्य झाली तिच्या हिशेबाने चारशे शहात्तर. जोडाक्षरे याहून वेगळी. कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून सोनाली नाग यांनी २००७ साली दाखवून दिले, की अक्षरांवर पूर्ण प्रभुत्व येण्यास पहिल्या एक-दोन वर्षांचा काळ पुरत नाही, ही प्रक्रिया पुढच्या इयत्तांपर्यंत चालू राहते. कन्नड व मराठी यांच्या लेखनपद्धतीचे तत्त्व एकच असल्यामुळे हा निष्कर्ष आपणांसही मार्गदर्शक आहे. दुसरीच्या अखेरीस जोडाक्षरांवर अडणारे मूल मागासलेलेच असते असे नाही; ते पुष्कळदा वाटेत असते.

भाराखेरीज रचनेच्या काही खास अडचणी आहेत. स्वरचिन्हे व्यंजनाच्या उजवीकडे, डावीकडे, वर व खाली अशी चारही बाजूंना लागतात. ऱ्हस्व इकार लिहिला जातो व्यंजनाच्या आधी आणि उच्चारला जातो नंतर. 'र' हा वर्ण 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'तऱ्हा' या चार शब्दांत चार वेषांत येतो. 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'थ' व 'य' यांतील भेद एखाद्या रेघेचा किंवा गाठीचा आहे.

याहून सूक्ष्म अडचण लोप पावणाऱ्या 'अ'काराची. 'करवत' या शब्दाच्या चारही अक्षरांत लेखनदृष्ट्या 'अ' आहे. उच्चारात मात्र दुसऱ्या व चौथ्या अक्षरातील 'अ' नाहीसा होतो. उलट 'शब्द', 'रक्त' यांसारख्या जोडाक्षरान्त शब्दांत शेवटचा 'अ' ऐकू येतो. हा भेद लिपीत कोठेही दाखवलेला नाही. तीच गोष्ट च-वर्गाची: 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' एक नव्हे; दुनिया या अर्थाचा 'जग' आणि जगणे या क्रियापदातील 'जग' यांचे लेखन एक, उच्चार दोन. मग वाचक योग्य उच्चार करतो तो कशाच्या आधारे? अर्थात् तो शब्द त्याने आधी ऐकलेला असतो, या आधारे. सुट्या सुट्या अक्षरांचे 'क-र-व-त' असे उच्चार करीत गेलेले मूल अखेरीस 'करवत' म्हणते, ते तो शब्द त्याच्या कानांत आधीच वसलेला असतो म्हणून. ज्याच्या कानांत तो नाही, त्याला अक्षरे येऊनही शब्द येत नाही. लिपीचा प्रश्न येथे बोलीच्या प्रश्नास येऊन मिळतो.

३. बोली आणि चूक

आगरी, कोळी इत्यादी किनारपट्टीच्या बोलींत प्रमाण मराठीतील 'ण' व 'ळ' यांच्या जागी सामान्यतः 'न' व 'ल' येतात. समजा, अशा घरातील मुलीने पुस्तकातील 'झाडाचे मूळ' हे शब्द 'झाडाचे मूल' असे वाचले. शिक्षक म्हणतील, चुकले. परंतु तिला चित्रातील मूळ दाखवावयास सांगितले आणि तिने अचूक बोट ठेवले, तर तिने काय केले? तिने अक्षर ओळखले, शब्द ओळखला, अर्थ ओळखला आणि तो आपल्या घरच्या उच्चारात सांगितला. हे वाचन बरोबर आहे. आता हिंदीभाषी घरातील मुलाचा विचार करा. त्याच्या हिंदीत 'ळ' नाही; तोही 'मूल' असेच वाचतो. मात्र त्यास चित्र दाखवावयास सांगितल्यावर तो गोंधळतो, कारण 'मूळ' हा शब्दच त्याने ऐकलेला नाही. तिसरे मूल घरी प्रमाण मराठीच बोलते, बोलताना 'मूळ' स्पष्ट उच्चारते, आणि तरीही वाचताना 'ळ' व 'ल' यांत वारंवार घोटाळते. उच्चार तिघांचा एक, अडचणी तीन. पहिलीस दुरुस्तीची गरज नाही, दुसऱ्यास शब्दसंपत्तीची आहे, तिसऱ्याच्या अक्षरज्ञानाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. गुणपत्रिकेत मात्र तिघांपुढे एकच लाल खूण पडते.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह याने १९६० च्या दशकात कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास करून हे सिद्ध केले, की त्यांची बोली सदोष इंग्रजी नसून स्वतःचे नियम असलेली भाषा आहे. म्हणून वाचनातील चूक व उच्चारातील बोलीभेद यांची गल्लत करू नये. पुढे मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथील पालकांनी न्यायालयात दाद मागितली. आपल्या मुलांची घरची बोली लक्षात न घेता शाळा त्यांना अक्षम ठरवते, असे त्यांचे म्हणणे होते. १९७९ साली न्यायालयाने निर्णय दिला, की वाचन शिकवताना मुलांच्या बोलीची दखल घेणे शाळेवर बंधनकारक आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या साक्षीने मुलांच्या शाळेतील भवितव्यावर परिणाम घडल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

लेखनाविषयीही एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हे आपल्या वर्गांत दुर्बलतेचे प्रमुख लक्षण मानले जाते. परंतु मराठीच्या नेहमीच्या उच्चारात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद लेखनाइतका काटेकोर नाही. तो मुख्यतः नियमांनी ठरवलेला आहे. हे नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि सुशिक्षित प्रौढांनाही ते नित्य आठवत नाहीत. तेव्हा केवळ 'पाणि' लिहिले म्हणून मुलास अक्षम ठरवणे हे शास्त्र नव्हे.

४. खरी अक्षमता

बोलीचा हा युक्तिवाद दुसऱ्या टोकास नेणेही तितकेच अन्यायाचे आहे. काही मुलांना बुद्धी उत्तम, श्रवण निर्दोष, शिक्षण नियमित आणि घरची भाषा पुस्तकाला जवळची असूनही वाचन जमत नाही. रूडोल्फ बर्लिन या जर्मन वैद्याने १८८७ साली 'डिस्लेक्सिया' ही संज्ञा वापरली, ती प्रौढांच्या मेंदूच्या आजारातून आलेल्या वाचनदोषासाठी. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यास कोणताही आजार झालेला नव्हता आणि तरीही वाचता येत नव्हते. तेव्हापासून झालेल्या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष असा, की बहुतेक प्रसंगी दोष डोळ्यांत नसून शब्दाचे ध्वनी सुटे करणे, मनात धरून ठेवणे व चिन्हांशी झटकन जोडणे या प्रक्रियेत असतो, आणि तो पुष्कळदा कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या आढळतो.

येथे मराठी वाचनाच्या संदर्भात एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. इंग्रजीत अशा मुलाचे वाचन चुकांवरून ओळखू येते. जर्मनसारख्या नियमित लेखनाच्या भाषांत मात्र असे दिसून आले आहे, की ही मुले काही वर्षांत बरीचशी अचूक वाचू लागतात. त्यांची वाचनगती मात्र अत्यंत मंद राहते. नागरीही नियमित आहे. म्हणून पाचवी-सहावीतील जे मूल चुका फारशा न करता, परंतु अक्षरागणिक थांबत वाचते, त्यास 'येते, पण आळशी आहे' असे म्हणणे धोक्याचे आहे. त्याची सारी शक्ती अक्षरे जुळवण्यातच खर्च होते, आणि वाक्याच्या शेवटास पोचेपर्यंत वाक्याचा आरंभ विरून गेलेला असतो.

कायद्याने या मुलांना आता स्थान दिले आहे. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती देण्यास १९९६ च्या सुमारास आरंभ झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश मान्य प्रकारांत केला. चाचण्या दीर्घकाळ इंग्रजीच्या साच्यावर बेतलेल्या होत्या. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांसाठी 'दाली' नावाची चाचणी सिद्ध केली, ही स्वागतार्ह घटना होय. चाचणी मराठीत असली तरी ती कोणत्या मराठीत आहे आणि मुलाच्या घरी कोणती मराठी आहे, हा प्रश्न प्रत्येक परीक्षकाने स्वतःस विचारावयास हवा.

५. निदानाची एक साधी रीत

गफ व टन्मर यांनी १९८६ साली मांडलेले सूत्र येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते वाचून होणारे आकलन हा दोन शक्तींचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द ओळखण्याची शक्ती आणि ऐकलेली भाषा समजण्याची शक्ती. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर फलही शून्य.

या सूत्राचा उपयोग कोणत्याही शिक्षकास अर्ध्या तासात करता येतो. सारख्याच कठीणपणाचे दोन लहान उतारे घ्यावेत. एक शिक्षकाने वाचून दाखवावा व त्यावर चार-पाच प्रश्न तोंडी विचारावेत. दुसरा मुलाने स्वतः वाचावा व त्यावरही तसेच प्रश्न विचारावेत. उत्तरे घरच्या बोलीत दिली तरी चालतील, हे मुलास आधीच सांगावे. ऐकून समजते, परंतु वाचून समजत नाही, असे झाल्यास अडचण शब्द ओळखण्यात आहे. मग ती अक्षरे नीट शिकवली न गेल्याची आहे की अधिक खोलवरची, हे काही महिने पद्धतशीर शिकवल्यावर कळेल. वाचताना अक्षरे सुरळीत येतात, परंतु ऐकूनही समजत नाही, असे झाल्यास अडचण भाषेच्या परिचयाची आहे. दोन्ही कमी असल्यास दोन्हीकडे काम करावे लागेल. मात्र आरंभ तोंडी भाषेपासून करावा. या रीतीने अक्षमतेचे प्रमाणपत्र देता येणार नाही, तो तज्ज्ञांचा अधिकार आहे. परंतु तज्ज्ञांकडे कोणास पाठवावे आणि कोणास पाठवू नये, हे निश्चित कळेल.

६. शाळेने काय करावे

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. भारतीय भाषांतील साक्षरतेविषयी शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठीसाठी वाडा तालुका व कन्नडसाठी यादगीर येथील मुलांचा पहिली ते तिसरीपर्यंत सलग तीन वर्षे मागोवा घेतला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून जे वर्ग दिसतात, तेथे बहुतेक वेळ अक्षरे गिरवणे, फळ्यावरून उतरवणे आणि एकसुरात म्हणणे यांत जातो. अर्थाविषयी बोलणे फार थोडे होते. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुले स्वतंत्रपणे वाचू शकत नव्हती, यात मग नवल नाही.

पहिली सुधारणा अक्षरांच्या क्रमाची. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला असून शास्त्रीय दृष्ट्या तो अत्यंत सुंदर आहे. परंतु तो व्याकरणकारासाठी रचला गेला, सहा वर्षांच्या मुलासाठी नव्हे. 'क, म, ल' ही तीन व्यंजने आणि एक काना एवढ्या सामग्रीतून 'काम, माल, मला, लाल, कलम, कमाल, मामा, काका' असे शब्द आणि 'काकाला लाल कलम' अशी शब्दमालिका पहिल्याच आठवड्यात तयार होते. अक्षरांना अर्थ असतो, हे मुलास तेव्हाच कळते. वर्णमाला पूर्ण झाल्यावर बाराखडी व बाराखडी संपल्यावर शब्द, या क्रमात तो अर्थ फार उशिरा भेटतो. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी आणि वाडा तालुक्यातील सोनाळे येथे नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' या संस्थेने वाचनशिक्षणाचे जे कार्य केले, ते या दृष्टीने विद्यार्थ्यांनी मुळातून पाहण्याजोगे आहे. बर्नसन स्वतः भाषाशास्त्रज्ञ होत्या, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

दुसरी सुधारणा बोलीच्या स्थानाविषयी. मूल जे बोलते ते शिक्षकाने फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहावे, मुलाने ते वाचावे, आणि मग तीच गोष्ट पुस्तकाच्या भाषेत कशी लिहितात ते शेजारी लिहून दाखवावे. दोन्ही रूपे शेजारी राहिली, की एक बरोबर व एक चूक ही भावना जाऊन 'घरी असे, पुस्तकात असे' ही समज येते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व १९५७ पासून कोसबाड येथे जे बालशिक्षण उभारले, त्याचे तत्त्व हेच होते, की शाळेने मुलाच्या पाड्यावर, त्याच्या अंगणात आणि त्याच्या परिचित वस्तूंपाशी जावे.

तिसरी गोष्ट खऱ्या अक्षमतेच्या मुलांविषयी. त्यांस वेगळे ज्ञान नको असते. तेच ज्ञान अधिक सावकाश, अधिक स्पष्ट क्रमाने व अधिक सरावाने हवे असते. शब्दातील ध्वनी टाळ्या वाजवून सुटे करणे, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांपैकी एक पक्के झाल्याखेरीज दुसरे न शिकवणे, एकच लहान उतारा तीन-चार वेळा वाचवून घेणे, इतिहास-विज्ञानाचे धडे वाचून दाखवणे व उत्तरे तोंडी स्वीकारणे, हे उपाय खर्चाचे नाहीत. तयारी न करता सर्व वर्गापुढे उभे करून वाचावयास लावणे मात्र पूर्णपणे टाळावे.

७. घराचा वाटा

माणिकपूरसारख्या ठिकाणी पुष्कळ पालक पहाटेची गाडी धरून मुंबईस जातात आणि परततात तेव्हा मूल निजावयास आलेले असते. त्यांस 'घरी अभ्यास घ्या' असे सांगण्यात अर्थ नाही. त्यांना काय शक्य आहे, हेच सांगितले पाहिजे.

वाचन ज्या तोंडी भाषेवर उभे राहते, ती घरीच मिळते, आणि ती कोणत्याही बोलीत मिळाली तरी चालते. सामवेदीत गोष्ट सांगणारी आजी, गुजरातीत हिशेब समजावणारे आजोबा, मल्याळममध्ये अंगाई म्हणणारी आई, हे सर्वजण मुलाच्या वाचनाचीच तयारी करीत असतात. गोष्टीस आरंभ, मध्य व शेवट असतो, कारणामागून कार्य येते, हे एका भाषेत कळले की दुसरीत पुन्हा शिकावे लागत नाही. म्हणून 'घरी बोली बोलू नका, मूल बिघडेल' हा उपदेश शिक्षकांनी कधीही करू नये. स्वतःस नीट न येणारी प्रमाणभाषा आईबाप बोलू लागले, की घरातील संभाषणच आटते, आणि मुलाच्या हाती दोहोंपैकी एकही भाषा पुरती लागत नाही.

ज्यांना मराठी वाचता येते त्यांनी दररोज पंधरा मिनिटे मुलाजवळ बसून वाचून दाखवावे. ज्यांना येत नाही त्यांनी 'आज पुस्तकात काय होते ते मला सांग' एवढेच म्हणावे. मूल वाचताना अडले तर थोडे थांबावे. तरीही न जमल्यास शब्द सांगून पुढे जाऊ द्यावे. प्रत्येक अक्षरावर अडवल्याने चूक सुधारत नाही, गोष्ट मात्र हरवते. भावंडांशी तुलना करू नये. आणि घराण्यात काका, मामा, आजोबा अशा कोणास वाचन जड गेले होते काय, हे आठवून शिक्षकांस सांगावे. ही माहिती निदानास फार उपयोगी पडते.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा सारांश असा, की दोन प्रकारचे अन्याय एकाच वेळी चालू आहेत. ज्याची केवळ बोली वेगळी आहे ते मूल अक्षम ठरते, आणि जे खरोखर अक्षम आहे ते आळशी ठरते. दोन्ही अन्यायांचे मूळ एकच: मुलाने काय चुकीचे वाचले हे आपण मोजतो, ते तसे का वाचले हे विचारीत नाही.

हे 'का' शोधणे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याचे काम आहे. वसई, डहाणू, वाडा या भागांतील मुलांच्या वाचनात येणारे ध्वनिबदल बोलीनुसार वर्गीकृत करून दिले, तर प्रत्येक शाळेतील शिक्षकाच्या हाती एक पडताळ्याचे साधन येईल. अमुक बदल या बोलीचा आहे, तो सोडून द्यावा. अमुक बदल कोणत्याच बोलीत नाही, त्याकडे पाहावे. बोलींची वर्णने आपल्या ग्रंथालयांत पुष्कळ आहेत. ती वर्गाच्या उपयोगास आणण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी हाती घेतल्यास ते एका वर्षात पुरे होण्यासारखे आहे, आणि त्याचा लाभ त्या शाळांतील मुलांना पुढच्याच वर्षी मिळू शकेल.